पडद्यावरचं बोट

पोशीरच्या शाळेत मी छत्तीस वर्षं शिकवलं. माझ्या हाताखालून गेलेली मुलं कुठेकुठे पोचली. कोणी एस.टी.त कंडक्टर झाला, कोणी तलाठी, दोघी जणी नर्स झाल्या आणि गजा कर्जतच्या टॉकीजमध्ये सिनेमाचं यंत्र चालवू लागला. पण तुमचा सगळ्यात नावाजलेला विद्यार्थी कोण, असं कोणी विचारलं, की मी मेहेरबानचं नाव घेतो. आणि त्याला एक साधी गोष्ट शिकवायला मी सहा महिने धडपडलो, तरी ती त्याला आली नाही, हेही सांगतो.

मेहेरबान हा नेरळच्या खोदाराम इराण्याचा मुलगा. खोदारामशेठची बाजारात बेकरी होती. तो तरुणपणी इराणातल्या यज्द भागातून आला होता. त्याचे पाव घोड्यांवर लादून माथेरानच्या हॉटेलांत जायचे. मुलगा दोन वर्षांचा असताना त्याची आई वारली. बेकरीत मैदा चाळायला आमच्या वाडीतली पुतळाबाई जायची. तिचा नवरा लवकर गेला होता आणि तिला मूलबाळ नव्हतं. भट्टीच्या धगीत ते पोर दिवसभर रडत बसलेलं असायचं. एके दिवशी पुतळाबाईनं त्याला कडेवर घेतलं आणि तशीच चालत पोशीरला आली. दुसऱ्या दिवशी परत नेलं, संध्याकाळी पुन्हा आणलं. असं करता करता तो आमच्या वाडीचाच झाला.

त्या काळी आमच्या वाडीच्या विहिरीचं पाणी न पिणारी माणसं आजूबाजूला पुष्कळ होती. खोदारामशेठला काही जणांनी टोकलंही. तो भट्टीतून मान बाहेर न काढताच म्हणायचा, "बच्चा उसके हाथकी भाकरी खाके मोटा हुआ. तेरेको क्या?"

पुतळाबाईच्या उजव्या हाताचं एक बोट कामातून गेलेलं होतं. लग्न होऊन आली त्याच वर्षी गवत कापताना अंगठ्याशेजारच्या बोटाला विळा लागला. जखम भरली, पण बोट आत दुमडून तळहाताला चिकटल्यासारखं राहिलं. ते पुन्हा उघडलं नाही. तरीही लावणीत तिचा हात धरणारी बाई अख्ख्या पोशीरमध्ये नव्हती. डाव्या हातात भाताच्या रोपांची मूठ घ्यायची, उजव्या हातानं तीन-चार रोपं वेगळी करायची आणि चिखलात रोवायची, अशी लावणी करतात. बाकीच्या बाया अंगठा आणि शेजारचं बोट वापरतात. पुतळाबाई अंगठा आणि मधलं बोट वापरायची. दुमडलेलं बोट मधे एखाद्या लहान गाठीसारखं दिसायचं.

मेहेरबान चालायला लागल्यापासून तिच्या मागे भाताच्या खाचरात असायचा. तिचं बघून लावणी शिकला आणि तिच्यासारखंच बोट दुमडून रोपं रोवू लागला. त्याच्या बोटाला काहीच झालेलं नव्हतं. पण हात असाच वापरतात, असं त्याला वाटायचं.

शाळेत आला तेव्हा त्यानं पेन्सिलही तशीच धरली.

"मेहेरबान, बोट सरळ."

"सरळच हाय, गुरुजी."

"मग हे काय दुमडलेलं?"

"आयेचं बी असंच हाय."

मी नवीन होतो, बावीस वर्षांचा. प्रत्येक मुलाची पेन्सिल नीट बसवीन तेव्हाच खरा मास्तर, असं मला वाटायचं. मी रोज त्याच्या शेजारी बसून ते बोट सरळ करायचो. फळ्याकडे वळलो, की ते पुन्हा आत. सहा महिने हे चाललं. शेवटी माझ्या लक्षात आलं, की त्याचं अक्षर वर्गात सगळ्यांत सुंदर आहे. मग मी नाद सोडला.

त्याला आणखी एक गोष्ट येत होती. तो कोणाचीही नक्कल करायचा. डोक्यावरचा चष्मा मी टेबलावर कसा शोधतो, ते त्यानं एकदा माझ्या पाठीमागे करून दाखवलं. मी वळून पाहिलं तर क्षणभर मला आरशात पाहिल्यासारखं झालं. रागवायचं सोडून मीच हसत सुटलो.

छप्पन साली आमच्या वाडीनं धम्म घेतला, त्याच्या आदल्या वर्षी मेहेरबान गेला. त्याच्या मामाची तेहरानला बेकरी होती आणि हाताशी माणूस नव्हतं. खोदारामशेठनं सतरा वर्षांच्या पोराला बोटीत बसवून दिलं. जाताना पुतळाबाईनं त्याला तांदळाच्या भाकऱ्या बांधून दिल्या. तो म्हणाला, "आये, दोन वर्सांत येतो." ती म्हणाली, "पत्र धाड. गुरुजी वाचतील."

पत्रं येत राहिली. मराठीत, त्याच सुंदर अक्षरात. पुतळाबाई पदराखाली पाकीट घेऊन माझ्या ओटीवर यायची आणि मी मोठ्यानं वाचायचो. पहिली पत्रं बेकरीची. मग एकसष्ट साली पत्र आलं: "आये, मला सिनेमात काम मिळालं. मी स्टुडिओत पाव पोचवायला जात होतो, त्यांनी मलाच उभं केलं." पुढच्या पत्रात दुसरा सिनेमा. मग तिसरा. "आता रस्त्यात लोक ओळखतात. काल भाजीवाल्यानं कलिंगडाचे पैसे घेतले नाहीत." बासष्ट साली फोटो आला. सूट, टाय, वर वळवलेल्या मिशा.

पुतळाबाईनं तो फोटो वाडीतल्या प्रत्येक घरी नेला.

तिचा चुलत दीर कोंडीराम मोहोपाड्याच्या कारखान्यात कामाला होता. तिथंच क्वार्टरमध्ये राहायचा आणि रविवारी वाडीत यायचा. हातात घड्याळ, खिशात कंगवा. दर आठवड्याला एक सिनेमा बघायचा, त्यामुळे सिनेमातलं सगळं त्यालाच कळतं, असं त्याचं स्वतःचं आणि बऱ्याच जणांचं मत होतं. त्यानं फोटो हातात घेतला, उलटा करून पाहिला.

"वैनी, ह्यो फोटू हाय. शिनेमा नाय. आसा कोट घालून मी बी नेरळला फोटू काढीन. मंग मी बी हीरो?"

"आरं, पत्रात लिवलंय त्यानं."

"पत्रात मी लिवीन, मी कारखान्याचा मालक झालो. भट्टीत लाकडं घालत आसंल त्यो. तुला बरं वाटावं म्हनून लिवतो."

सगळे हसले. त्या दिवसापासून वाडीला एक गमतीचा विषय मिळाला. पुतळाबाई पाण्याला निघाली, की कोणीतरी विचारायचं, "काय गं हीरोची आये, नवा शिनेमा कुटला?" सोनुबाई तिची जन्माची मैत्रीण, पण तीसुद्धा कधी हसायची. वीस वर्षं हे चाललं. त्यात दुष्टपणा नव्हता. पण एकच गोष्ट वीस वर्षं तुम्ही खरी सांगत असाल आणि ऐकणारा दर वेळी हसत असेल, तर काय होतं, ते मी तिच्या तोंडावर पाहत होतो. हळूहळू तिनं सांगायचं सोडलं. पत्र आलं, की गुपचूप ओटीवर यायची.

एकदा पत्र वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "गुरुजी, तुमाला तरी खरं वाटतं ना?"

"हो तर," मी म्हणालो. पण ते म्हणायला मला अंमळ उशीर झाला आणि तिच्या ते लक्षात आलं. त्या उशिराची मला पुढे पुष्कळ वर्षं लाज वाटत राहिली.

मग इराणात राज्य बदललं. रेडिओवर बातम्या यायच्या. पत्रं थांबली. दोन वर्षं काही कळलं नाही. एक्याऐंशीच्या दिवाळीनंतर एका दुपारी शाळेच्या दारात एक जाडसर, टक्कल पडलेला माणूस उभा राहिला. हातात चामड्याची बॅग आणि काखेत पत्र्याचा एक गोल, चपटा डबा.

"गुरुजी, बोट सरळ केलं नाही अजून," तो म्हणाला.

मुलांच्या देखत मला रडू आलं.

त्यानं थोडक्यात सांगितलं. सतरा वर्षांत चाळीसेक सिनेमे केले. आधी हीरो, मग खलनायक, शेवटी शेवटी हीरोचा बाप. नव्या राज्यात जुन्या सिनेमांतल्या पुष्कळ नटांचं काम बंद झालं, त्यात तोही होता. थिएटरं बंद पडली, सिनेमांचे डबे कुठल्या कुठे गेले. ओळखीच्या एका ऑपरेटरनं त्याला बोलावून सांगितलं, तुझ्या पहिल्या सिनेमाचे डबे इथं आहेत, सगळे नेता येणार नाहीत, एक उचल. यानं एक उचलला.

"त्यात मारामारी हाय का?" शकू नावाच्या पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं.

"नाही गं," तो म्हणाला. "त्यात मी फार बोलतसुद्धा नाही."

पुतळाबाई तेव्हा सत्तरीला आली होती. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, जाड भिंगांचा चष्मा. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि पहिलं वाक्य बोलली ते हे, "क्यास कुटं गेलं रं तुजं?"

रविवारी कोंडीराम आला. मेहेरबानला त्यानं मिठी मारली, चहा पाजला, आणि डब्याकडे बघून म्हणाला, "ह्यात शिनेमा हाय व्हय? बेकरीवाल्याचं पोर, बिस्किटं आसतील!"

सगळे हसले. मेहेरबानही हसला. पुतळाबाई हसली नाही. पाहुणे गेल्यावर ती मला म्हणाली, "गुरुजी, मला शिनेमाचं काय बी नाय. पन वीस वर्सं मी ह्या वाडीत खोटी हाय. आता लई दिस ऱ्हायल्यात आसं नाय. येकदा खरी झाली पायजे. त्या डब्यात काय हाय ते समद्यांनी बगाया पायजे."

मी दुसऱ्याच दिवशी कर्जतला गेलो. गजानं डबा उघडला, रीळ प्रकाशात धरून पाहिलं. "आपल्या यंत्रावर चालंल, गुरुजी. दहा-बारा मिन्टांचं हाय. पन मालकाला इचारतो." मालक भला माणूस. म्हणाला, रविवारी बाराच्या खेळाआधी लावा, पण बाराला पडदा मोकळा पाहिजे.

रविवारी सकाळी दोन टेंपो भरून वाडी कर्जतला निघाली. बाया नटून, मुलं खिडकीशिवायच्या टेंपोत मागे लटकून. कोंडीराम पुढे ड्रायव्हरशेजारी. तो सगळ्यांना समजावत होता, "इरान म्हंजी काय, समदी वाळू. उंटं आन खजूर. तलवारीचा शिनेमा आसनार."

पुतळाबाईला मी सगळ्यात पुढच्या रांगेत बसवलं. एका बाजूला सोनुबाई, दुसऱ्या बाजूला मेहेरबान. मी त्यांच्या मागच्या रांगेत. दिवे गेले. डब्यावरची इराणी अक्षरं मला वाचता येत नव्हती. आत खरंच दुसरंच काही निघालं तर?

पडदा उजळला. काळं-पांढरं चित्र. मधलंच रीळ असल्यामुळे नाव नाही, गाव नाही. पेंढ्यानं शाकारलेलं घर, आत एक म्हातारी अंथरुणावर. शेजारी एक सडपातळ तरुण. ती काहीतरी म्हणते, तो काहीतरी म्हणतो. एक अक्षर कोणाला कळेना.

"ह्यात मेरवान कुटला?" मागून कोणीतरी विचारलं.

"त्यो पोरगा," मी म्हणालो.

"ह्यो?" कोंडीरामचा आवाज. "ह्याला मिशा कुटं हायत? फोटूत केवड्या व्हत्या! आन ह्यो वाळका. गुरुजी, ह्यो दुसराच कुनीतरी हाय."

कुजबुज सुरू झाली. खरं सांगायचं, तर मलाही ओळख पटेना. सव्वीस वर्षांपूर्वी बोटीत बसलेला पोरगा मला आठवत होता आणि आज पुढच्या रांगेत बसलेला टकलू माणूस मी पाहत होतो. पडद्यावरचा तरुण या दोघांच्या मधला होता आणि त्याला आमच्यापैकी कोणीच कधी पाहिलं नव्हतं. पुतळाबाई चष्मा वरखाली करत होती. "कोन गं ह्यो?" तिनं सोनुबाईला हळूच विचारलं.

मेहेरबान नुसता पडद्याकडे बघत होता.

तरुण घराबाहेर आला. आणि समोर वाळू नव्हती. समोर खाचरं होती. बांध घातलेली, पाण्यानं भरलेली भाताची खाचरं, आणि त्यांत ओळीनं वाकलेल्या बाया.

"आगो बाई, लावनी!" एकदम चार-पाच जणी ओरडल्या.

"इरानात भात पिकतं?"

"कोंडीरामभावजी, तुमची वाळू कुटं गेली?"

इराणच्या उत्तरेला समुद्राच्या काठानं पुष्कळ पाऊस पडतो आणि तिथले लोक आपल्यासारखेच भात लावतात, हे भूगोलात मी स्वतःही कधी शिकवलं नव्हतं. निवृत्त व्हायच्या आधी मुलांना शिकवीन, असं मी अंधारातच ठरवलं.

तरुणानं विजारीचे पाय वर खोचले आणि चिखलात उतरला. त्या बाया त्याला हसू लागल्या. पुरुष असून लावणी करतो म्हणून हसत असाव्यात, कारण आमच्या बायाही नेमक्या तिथंच हसल्या. तिथं शब्द कळायची गरज पडली नाही. घरात आई आजारी, खाचर लावायचं राहिलेलं, म्हणून पोरगा बायांच्या ओळीत उभा राहिला. आमच्याकडे ही गोष्ट कोणालाही कळते.

त्यानं डाव्या हातात मूठ घेतली. वाकला. आणि चित्र जवळ आलं. सगळा पडदा भरून एक हात.

अंगठा आणि मधलं बोट रोपं घेऊन चिखलात गेलं. शेजारचं बोट आत दुमडलेलं, एखाद्या लहान गाठीसारखं. हात वर आला, पुन्हा गेला. पुन्हा वर आला. दरवेळी ते बोट तसंच.

सोनुबाई उठून उभी राहिली आणि इतक्या मोठ्यानं ओरडली, की दारातला तिकीटवाला आत डोकावला.

"आगं पुतळे! तुजं बोट!"

पुतळाबाई उठली. पुढे जमिनीवर बसलेल्या मुलांमधून वाट काढत पार पडद्यापाशी गेली. तिनं आपला उजवा हात चष्म्यासमोर धरला. त्याच्याकडे पाहिलं, मग वर पडद्याकडे पाहिलं. पुन्हा हाताकडे. मग ती मागे वळली.

"मूठ लय जाड धरलीय त्यानं," ती म्हणाली. "म्हनून मागं पडतोय."

असं हसू त्या टॉकीजमध्ये मोठ्या मोठ्या विनोदी सिनेमांनाही कधी आलं नसेल. मेहेरबान हसता हसता डोळे पुसत होता. रीळ संपलं, पडदा पांढरा झाला, तरी लोक हसतच होते. तेवढ्यात कोंडीराम बाकावर चढला.

"गजा! परत लाव रं!"

"बारा वाजत आले, काका!"

"वाजू दे! मालकाला मी बगतो. परत लाव म्हनतो ना!"

मग तो खाली उतरून वहिनीपाशी गेला. कंगवा काढला, पुन्हा खिशात ठेवला. "वैनी, मी लई बोललो तुला. वीस वर्सं."

"बोललास तर बोललास," पुतळाबाई म्हणाली. "आता गप बस आन बग."

आणि तिनं त्याला आपल्या शेजारी बसवून घेतलं. बाराच्या खेळाला आलेली माणसंही तोवर आत शिरली होती. कोंडीराम दर पाच सेकंदांनी त्यांना सांगत होता, "ह्यो आमचा पुतन्या. आन ह्यी त्याची आये. ते बोट हिचं हाय."

परतताना टेंपोत मी मेहेरबानला विचारलं, "तो डबाच का उचललास? पुढे केवढ्या मोठ्या भूमिका केल्यास."

तो म्हणाला, "गुरुजी, त्या दिवशी शूटिंगला ज्याला घेतलं होतं, त्याला चिखलात उभं राहता येईना. सारखा पडायचा. स्टुडिओवाल्यांनी खाण्यापिण्याच्या कामाला मलाही तिकडे समुद्रकाठी नेलं होतं, मी पावाची पाटी घेऊन उभा होतो. म्हटलं, मला येतं. उतरलो आणि लावायला लागलो. तिथल्या बाया खऱ्याच हसल्या, ते हसू सिनेमात तसंच आहे. दिग्दर्शकानं विचारलं, बोट का दुमडलंस? मी म्हटलं, लावणी अशीच करतात. मला खरंच तसं वाटायचं. त्या बायांनी आपापले हात दाखवले तेव्हा तेविसाव्या वर्षी मला कळलं, की हे फक्त आयेचं आहे. मी बोट सरळ करायला गेलो, तर दिग्दर्शक म्हणाला, खबरदार. पुढे एका पेपरात छापून आलं, की या नटानं एका बोटासाठी केवढा अभ्यास केला असेल!"

"आभ्यास?" पुतळाबाई म्हणाली. "इळा लागला तवा मी आट दिस रडत व्हते. त्यो आभ्यास."

मी टेंपोच्या बाहेर बघत राहिलो. जे बोट सरळ करायला मी सहा महिने घालवले होते, त्याच बोटावर माझा विद्यार्थी नट झाला होता. मी हरलो याचा जितका आनंद मला झाला, तितका आयुष्यात दुसऱ्या कशाचा झाला नाही.

सोमवारी शाळा भरली. मी शुद्धलेखन घातलं आणि रांगांमधून फिरू लागलो. पहिल्या बाकावर शकूनं पेन्सिल धरली होती, शेजारचं बोट आत दुमडून. तिच्या शेजारच्या पदूचंही तसंच. सगळ्या वर्गाचं तसंच. अक्षरं कोंबडीच्या पायांसारखी उमटत होती.

"शकू, बोट सरळ."

"गुरुजी, शिनेमातलं हाय."

माझ्या नोकरीचे शेवटचे चार महिने उरले होते. म्हटलं, आजचा दिवस जाऊ दे.

तेवढ्यात खिडकीशी सावली पडली. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली पुतळाबाई आत बघत होती. आता ती रस्त्यानं मान वर करून चालायची आणि वाटेत थांबून कोणालाही काहीही सुनवायची. तिनं सगळ्या वर्गाचे हात न्याहाळले.

"ए पोरांनो!" ती गरजली. "पेन्शिली नीट धरा! माजं बोट इळ्यानं ग्येलंय, तुमचं नाय!"

छत्तीस बोटं एका क्षणात सरळ झाली.